महास्फोटाचा धडा लिहिणाऱ्यांना खुले पत्र : निष्कर्षाआधी मोजमाप छापा

प्रति,
विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांचे लेखक, संपादक आणि अभ्यास मंडळांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

विश्वाच्या उत्पत्तीवरचा धडा अनेक पुस्तकांत जवळपास एकाच वाक्याने सुरू होतो : सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी एका बिंदूचा प्रचंड स्फोट झाला आणि त्यातून विश्व निर्माण झाले. पुढे दोन-तीन परिच्छेद, एक रंगीत चित्र आणि स्वाध्यायात 'महास्फोट सिद्धांत थोडक्यात लिहा'. या वाक्यातला आकडा बरोबर आहे. 'बिंदू', 'स्फोट' आणि 'निर्माण झाले' हे तिन्ही शब्द मात्र दिशाभूल करतात. आणि हे सगळे कळले कसे, याबद्दल धडा गप्प राहतो. आमची खरी तक्रार या गप्प राहण्याबद्दल आहे.

धडा पाठ केलेल्या मुलाला कोणी विचारले, "तेव्हा पाहायला कोण गेले होते?" तर त्याच्याजवळ उत्तर नसते. उत्तर आहे. ते ताऱ्यांच्या वर्णपटात आहे, अतिथंड केलेल्या रेडिओ ग्राहकाच्या नोंदींत आहे, जुन्यात जुन्या वायूतल्या हेलियमच्या प्रमाणात आहे. त्रैराशिक येणाऱ्या मुलाला त्यातले बरेचसे स्वतः करून पाहता येते.

आधी शब्दांचे पाहू. सिद्धांत एवढेच सांगतो की विश्व पूर्वी आजच्यापेक्षा कितीतरी दाट आणि तप्त होते, आणि तेव्हापासून ते प्रसरण पावत, थंड होत आले आहे. स्फोट म्हटला की त्याला केंद्र असते, कडा असते, आणि आधीपासून असलेल्या मोकळ्या जागेत उडणारे तुकडे असतात. इथे यातले काहीच नाही. अंतराळच ताणले जाते आणि प्रत्येक ठिकाणाहून दृश्य सारखेच दिसते. 'बिंदू' म्हणणेही तितकेच धोक्याचे आहे. आज आपल्याला दिसू शकणारा विश्वाचा भाग एके काळी अगदी लहान जागेत सामावलेला होता, हे बरोबर. संपूर्ण विश्व केवढे आहे, ते सांत की अनंत, हे मात्र मोजमापांनी ठरलेले नाही. राहिले 'निर्माण झाले'. सापेक्षतेची समीकरणे काळाच्या शून्यापाशी नेली की घनता अनंत येते. म्हणजे तिथे समीकरणे मोडतात. त्या क्षणाबद्दल निरीक्षणे काही सांगत नाहीत. सुमारे पहिल्या सेकंदापासून पुढचा पुरावा आपल्या हातात आहे, आणि त्याच्या आधीचे जे सांगितले जाते त्याला तर्काचा आधार किती आणि मोजमापाचा किती, हे धड्यात वेगवेगळे दाखवले पाहिजे.

आता पहिले मोजमाप : ताम्रसृती. पुस्तकात 'दीर्घिकांचा प्रकाश लाल रंगाकडे सरकतो' असे लिहून विषय संपतो, आणि मुलांना वाटते की दीर्घिका लाल दिसतात. प्रत्यक्षात सरकतात त्या वर्णपटातल्या रेषा. दुर्बिणीतून आलेला प्रकाश अरुंद फटीतून नेऊन जाळीवर पसरवतात आणि संवेदकावर नोंदवतात. दुर्बीण न हलवता त्याच फटीतून निऑन किंवा आरगॉनच्या दिव्याचा वर्णपटही घेतात, कारण त्या दिव्याच्या रेषांच्या तरंगलांबी प्रयोगशाळेत नेमक्या माहीत असतात; त्यांवरून संवेदकाच्या कोणत्या रकान्यात कोणती तरंगलांबी पडते, हे ठरते. ही पायरी हलगर्जीपणे केली तर पुढचे सगळे आकडे एकसारखे चुकतात, आणि एकसारखी चूक सहज डोळ्यांत भरत नाही.

मग रेषा ओळखायच्या. एकच रेषा कधीही पुरेशी नसते, कारण ती कोणत्याही मूलद्रव्याची सरकलेली रेषा असू शकते. किमान दोन हव्यात. हायड्रोजनच्या दोन ठळक रेषा प्रयोगशाळेत ६५६.३ आणि ४८६.१ नॅनोमीटरवर येतात. त्यांचे गुणोत्तर १.३५०. ताम्रसृती सगळ्या तरंगलांबींना एकाच संख्येने गुणते, म्हणून रेषा कितीही सरकल्या तरी हे गुणोत्तर बदलत नाही. ३सी २७३ या क्वेसारच्या, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राच्या, वर्णपटात या रेषा साधारण ५६२.९ आणि ७६०.० नॅनोमीटरवर सापडतात. भागाकार करा : १.३५०. म्हणजे रेषा हायड्रोजनच्याच. आता ५६२.९ ला ४८६.१ ने भागा : १.१५८. यातून १ वजा केला की ०.१५८ ही ताम्रसृती. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी ही ओळख पटवली, तोवर त्या रेषा कोणाच्या हे कोडेच होते, कारण एवढे सरकणे कोणी अपेक्षिलेच नव्हते. हे गणित फळ्यावर चार ओळींत होते.

यात चुकते कुठे, हेही द्या. ७६० नॅनोमीटरवर आपल्याच वातावरणातला ऑक्सिजन प्रकाश शोषतो, आणि या क्वेसारची लाल रेषा नेमकी तिथेच येऊन पडते. त्याच उंचीवर दिसणाऱ्या एखाद्या परिचित ताऱ्याचा वर्णपट घेऊन हे शोषण भरून काढले नाही, तर रेषेचा माथा खाल्ला जातो आणि मध्य चुकीचा निघतो. पृथ्वीचा सूर्याभोवतीचा वेग सेकंदाला ३० किलोमीटर. तोही वजा करावा लागतो. शिवाय शेजारच्या दीर्घिका एकमेकींच्या गुरुत्वाकर्षणामुळे सेकंदाला काही शे किलोमीटर वेगाने इकडेतिकडे जात असतात. देवयानी दीर्घिका आपल्याकडे सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने येते आहे. १९१२ मध्ये व्हेस्टो स्लायफर यांनी दीर्घिकेचा वेग पहिल्यांदा मोजला तो हाच. त्यामुळे 'सर्व दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत' हे वाक्य जसेच्या तसे चुकीचे आहे. 'पुरेशा दूरच्या' हे दोन शब्द त्यात घाला.

ताम्रसृती मोजणे सोपे, अंतर मोजणे कठीण. अंतराची शिडी असते. जवळच्या ताऱ्यांचे पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना त्यांच्या जागेत दिसणारा बारीकसा फरक, ही पहिली पायरी. दुसरी सेफिड ताऱ्यांची : त्यांची चमक ठरावीक दिवसांनी कमीजास्त होते, आणि ज्याचा आवर्तकाल मोठा तो तारा मुळात अधिक तेजस्वी, हा संबंध हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये लहान मॅजेलानिक मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या २५ ताऱ्यांवरून मांडला. खरी चमक कळली आणि दिसणारी मोजली, की अंतर निघते. तिसरी पायरी 'एक-अ' प्रकारच्या सुपरनोव्हांची, म्हणजे ज्यांची कमाल चमक जवळजवळ ठरलेली असते अशा ताऱ्यांच्या स्फोटांची. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते, म्हणून खालची चूक वर चढत जाते.

एडविन हबल यांनी १९२९ मध्ये अंतर आणि वेग यांचा आलेख मांडला. त्याच्या दोन वर्षे आधी जॉर्ज लमेत्र यांनी प्रसरणशील विश्वाच्या समीकरणांतून हाच संबंध काढला होता. हबल यांच्या अंतरांवरून प्रसरणाचा दर आला मेगापार्सेकमागे सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर. हा आकडा मुलांना सांगाच, कारण तो सात पट चुकला होता आणि ती चूक शिकवण्याजोगी आहे. एक मेगापार्सेक म्हणजे ३.०८६ गुणिले १० चा १९ वा घात इतके किलोमीटर. त्याला ५०० ने भागा आणि सेकंदांची वर्षे करा : विश्वाचे वय जेमतेम दोन अब्ज वर्षे. किरणोत्सर्गावरून काढलेले पृथ्वीच्या खडकांचे वय त्याहून जास्त येत होते. विश्वापेक्षा पृथ्वी म्हातारी! सिद्धांत टाकून द्यायला हे पुरेसे कारण होते. पुढे १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी दाखवले की सेफिड दोन जातींचे असतात आणि ते एकच समजले गेले होते. अंतरे एकदम दुप्पट झाली. नंतर ॲलन सँडेज यांच्या ध्यानात आले की दूरच्या दीर्घिकांतले जे 'सर्वांत तेजस्वी तारे' धरले होते, ते प्रत्यक्षात वायूचे तेजाळ ढग होते. दर उतरत आज ७० च्या आसपास आला आहे. तोच भागाकार ७० ने करा : सुमारे १४ अब्ज वर्षे. प्रसरणाचा वेग आधी मंदावला आणि नंतर वाढू लागला, या दोन गोष्टी एकमेकींना बऱ्याच अंशी भरून काढतात, म्हणून हा साधा भागाकार १३.८ च्या इतका जवळ येतो.

फुगा फुगवण्याचा प्रयोग पुस्तकांत असतो, पण त्यात फुग्यावर पेनाने ठिपके काढायला सांगतात. फुगा फुगला की ठिपकेही मोठे होतात आणि मुले समजतात की दीर्घिकाही फुगतात, आपणही फुगतो. ठिपक्यांऐवजी छोटी बटणे चिकटवा. त्याहून चांगली रबराची पट्टी : २० सेंटिमीटर लांब, दर ४ सेंटिमीटरवर खूण. ती ३० सेंटिमीटरपर्यंत ताणा. ४ वरची खूण ६ वर गेली, सरक २. ८ वरची १२ वर, सरक ४. १२ वरची १८ वर, सरक ६. अंतर दुप्पट तर सरक दुप्पट. मग दुसऱ्याच खुणेला शून्य धरून पुन्हा मोजायला लावा. तेच कोष्टक येते. केंद्र नाही, हे मुलाच्या हाताला कळते. वेगळे सांगावे लागत नाही.

ताम्रसृतीचे दुसरे स्पष्टीकरणही एके काळी पुढे आले होते : विश्व स्थिरच आहे, प्रकाश लांबच्या प्रवासात थकतो आणि त्याची ऊर्जा घटते. ही कल्पना हास्यास्पद नव्हती, तिची परीक्षा घेतली गेली. प्रसरण खरे असेल तर फक्त तरंगलांबी नव्हे, दूरच्या घटनांचा कालावधीही ताणलेला दिसला पाहिजे. ताम्रसृती ०.५ असलेल्या सुपरनोव्हाला तिथे मंदावायला २० दिवस लागत असतील, तर आपल्याला ३० दिवस दिसायला हवेत. थकलेल्या प्रकाशाच्या कल्पनेत २० दिवसच दिसतील. दिसतात ते ३०. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे १५०० सुपरनोव्हांच्या अभ्यासातही कालावधी बरोबर अपेक्षित पटीत ताणलेला सापडला.

दुसरा पुरावा विश्वव्यापी सूक्ष्मतरंग प्रारणाचा. पुस्तकांत याला 'महास्फोटाचा प्रतिध्वनी' म्हणतात. तो ध्वनी नाही, आणि त्या पहिल्या क्षणाचाही नाही. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना तापमान ३००० केल्विनपर्यंत उतरले, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन जोडून हायड्रोजनचे अणू झाले, आणि तोवर इलेक्ट्रॉनांवर आदळत अडकून पडलेला प्रकाश मोकळा झाला. तोच प्रकाश सुमारे ११०० पट ताणला जाऊन आज आपल्यापर्यंत पोचतो. इथे एखादी हुशार मुलगी विचारेल, अणू फोडायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, ते तर लाख-दीड लाख केल्विनशी जुळते. मग अणू बनायला ३००० पर्यंत का थांबावे लागले? उत्तर असे की तेव्हा प्रत्येक प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे एक अब्जाहून जास्त प्रकाशकण होते. सरासरी तापमान उतरले तरी इतक्या प्रचंड गर्दीतले मूठभर अतिऊर्जावान कण अणू फोडायला पुरत होते.

हे प्रारण सापडले त्याची गोष्ट अँटेनात राहणाऱ्या कबुतरांच्या विष्ठेवर संपवली जाते. गंमत म्हणून ती ठीक, पण त्यात विज्ञानाचा गाभा हरवतो. आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांनी न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथल्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनाने ४०८० मेगाहर्ट्झवर जे केले, तो काटेकोर हिशेब होता. अँटेना डोक्यावरच्या आकाशाकडे वळवून, द्रव हेलियमने थंड केलेल्या संदर्भ-स्रोताशी तुलना करत त्यांनी एकूण मोजले ६.७ केल्विन (रेडिओ संकेताची तीव्रता तापमानाच्या एककात सांगतात). त्यातून वातावरणाचे २.३ वजा. ते वेगळे काढता येतात, कारण अँटेना क्षितिजाकडे झुकवत नेली की वाटेतली हवा वाढते आणि संकेतही त्या प्रमाणात वाढतो. अँटेनाच्या धातूत होणाऱ्या ऱ्हासाचे ०.८ वजा. जमिनीकडून मागच्या बाजूने शिरणारे फार तर ०.१. उरले ३.५ केल्विन, अधिक-उणे १. रिव्हेटच्या सांध्यांवर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवून पाहिली, कबुतरे हटवून आतला भाग साफ केला. उरलेला आकडा जवळजवळ तसाच राहिला. दिशा बदला, ऋतू बदला, तोच. १९६५ मध्ये हे प्रसिद्ध झाले, आणि त्याच अंकात प्रिन्स्टनच्या रॉबर्ट डिकी यांच्या गटाने त्याचा अर्थ सांगितला. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच सुमारे ५ केल्विनचे असे प्रारण असायला हवे, असे गणिताने वर्तवले होते. वजाबाकीचा हा हिशेब पुस्तकात एका चौकटीत मावतो. मुलांनी तो करावा आणि उरलेल्या ३.५ शी येऊन थांबावे.

नुसते प्रारण आहे म्हणून पुरावा पक्का होत नाही. ते जर दाट, तप्त आणि समतोल अवस्थेतून आलेले असेल, तर त्याचा वर्णपट आदर्श कृष्णवस्तूचा असला पाहिजे, म्हणजे तापमान हा एकच आकडा सांगितला की प्रत्येक तरंगलांबीवरची तीव्रता ठरली पाहिजे. ताऱ्यांच्या प्रकाशाने तापलेली धूळ असा वर्णपट देत नाही. वेगवेगळ्या तापमानांची धूळ मिसळली की वक्राचा आकार बिघडतो. जमिनीवरून हे तपासणे अवघड होते, कारण प्रारण सर्वांत तीव्र असते त्या मिलिमीटरच्या आसपासच्या पट्ट्यात हवेतली वाफ अडथळा आणते. नोव्हेंबर १९८९ मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहावरच्या उपकरणाने आकाशाची तुलना सोबत नेलेल्या कृत्रिम कृष्णवस्तूशी केली. उपकरण द्रव हेलियमने थंड ठेवले होते, नाहीतर त्याची स्वतःची उष्णताच मोजली गेली असती. उत्तर आले २.७२५ केल्विन, आणि आदर्श वक्रापासूनचा फरक दहा लाखांत ५० भागांहूनही कमी. छापील आलेखात त्रुटीच्या रेघा वक्राच्या जाडीतच लपून जातात. आमच्या मते संपूर्ण धड्यात एकच आलेख द्यायचा असेल तर हा द्यावा.

त्याऐवजी पुस्तकांत निळ्या-तांबड्या ठिपक्यांचा लंबगोल नकाशा असतो, कोणतीही मोजपट्टी न देता. मुलांना वाटते, आकाश असेच ठिपक्याठिपक्यांचे आहे. त्या नकाशाआधी तीन वजाबाक्या झालेल्या असतात. सरासरी २.७२५ केल्विन काढून टाकलेले असतात. मग सूर्याच्या सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर गतीमुळे एक बाजू किंचित उबदार दिसते, ते ३.४ मिलिकेल्विन काढतात. मग आपल्या आकाशगंगेचे उत्सर्जन. त्यासाठी एकाच कंप्रतेवर भागत नाही, प्लँक उपग्रहाने ३० ते ८५७ गिगाहर्ट्झ अशा नऊ पट्ट्यांत मोजले. इतके केल्यावर उरतात ते लाखात एखाद्या भागाचे फरक. त्यांतल्या सर्वांत ठळक ठिपक्यांची रुंदी साधारण एक अंश. त्या काळच्या तप्त वायूतल्या ध्वनिलहरी ३,८०,००० वर्षांत जेवढे अंतर कापू शकल्या, त्याचाच हा आकार. त्या लहरींच्या चढउतारांवरून साध्या, म्हणजे अणूंनी बनलेल्या, द्रव्याचे प्रमाण निघते : एकूण ऊर्जेच्या सुमारे ५ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, हेलियमच्या गणिताशेजारी तो पुन्हा लागणार आहे.

एक कमी माहीत असलेली परीक्षा आवर्जून सांगतो. प्रारण जर खरोखर विश्वाबरोबर थंड होत आले असेल, तर दूरच्या, म्हणजे जुन्या, वायूला ते अधिक उबदार लागले असले पाहिजे. २००० साली श्रीआनंद, पेतिजाँ आणि लेडू यांनी चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने ताम्रसृती २.३४ असलेल्या एका वायुमेघातल्या कार्बनच्या अणूंची उत्तेजित अवस्था तपासली. सिद्धांताचा अंदाज : २.७२५ गुणिले ३.३४, म्हणजे ९.१ केल्विन. निरीक्षणातून आलेली मर्यादा ६ ते १४ केल्विनच्या दरम्यान. त्रुटी मोठी आहे खरी, पण २.७ त्यात बसत नाही. आपल्या अवतीभोवतीच्याच एखाद्या स्रोतातून हे प्रारण येत असते, तर हे जुळले नसते.

तिसरा पुरावा हेलियम. याचे गणित इतके सुंदर आहे की ते पुस्तकाबाहेर राहिल्याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. सुमारे एका सेकंदाला, तापमान १० अब्ज केल्विनच्या आसपास असताना, न्यूट्रॉनचे प्रोटॉन आणि प्रोटॉनचे न्यूट्रॉन होणे थांबले. न्यूट्रॉन किंचित जड, म्हणून ते कमी उरले : साधारण ६ प्रोटॉनांमागे १. पुढची काही मिनिटे न्यूट्रॉन क्षय पावत राहिले, कारण मोकळ्या न्यूट्रॉनचे सरासरी आयुष्य सुमारे ८८० सेकंदच असते. लगेच हेलियम का बनला नाही? कारण पहिली पायरी ड्युटेरियमची, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांच्या जोडीची, आणि तो प्रकाशकणांच्या माऱ्यात तयार होताच फुटत होता. तापमान एक अब्ज केल्विनपर्यंत उतरल्यावर तो टिकू लागला, तोवर प्रमाण ७ ला १ झाले होते. आता १६ कण घ्या : २ न्यूट्रॉन, १४ प्रोटॉन. दोन्ही न्यूट्रॉन दोन प्रोटॉनांसह एका हेलियममध्ये गेले, वस्तुमान ४. उरले १२ प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजन. १६ पैकी ४, म्हणजे २५ टक्के. पुढे गाडी अडते, कारण वस्तुमान ५ आणि ८ असलेली स्थिर अणुकेंद्रकेच नाहीत. म्हणून कार्बन, ऑक्सिजन, लोह हे सगळे नंतर ताऱ्यांत तयार व्हावे लागले.

आता निरीक्षण. ताऱ्यांतही हेलियम बनतो, त्यामुळे कोणताही वायू घेऊन चालत नाही. ज्यांत ऑक्सिजन अत्यल्प आहे अशा बटु दीर्घिका शोधतात, कारण ऑक्सिजन कमी म्हणजे ताऱ्यांची भेसळ कमी. प्रत्येकीतला हेलियम आणि ऑक्सिजन आलेखावर मांडून रेषा शून्य ऑक्सिजनपर्यंत मागे नेतात. ती येऊन टेकते २४ ते २५ टक्क्यांवर. न्यूट्रॉनचे आयुष्य मोजण्याच्या दोन पद्धतींत आजही सुमारे १० सेकंदांचा फरक आहे. त्याने हेलियमच्या उत्तरात जेमतेम ०.२ टक्क्याचा फरक पडतो. ड्युटेरियम याहून नाजूक मापक आहे. तारे तो जाळतात, बनवत नाहीत, म्हणून आज सापडणारा जवळजवळ सगळा सुरुवातीचाच. तो लाख हायड्रोजनमागे सुमारे अडीच इतका मिळतो, आणि त्यावरून साध्या द्रव्याचे प्रमाण काढले तर पुन्हा तेच सुमारे ५ टक्के. एक मोजमाप पहिल्या काही मिनिटांतल्या अणुकेंद्रकांचे, दुसरे ३,८०,००० वर्षांनंतरच्या ध्वनिलहरींचे. उपकरणे वेगळी, भौतिकी वेगळी, उत्तर एक.

सर्वांत जुन्या तारकागुच्छांची वये १२-१३ अब्ज वर्षे येतात, १३.८ च्या आत. दूरच्या आकाशात क्वेसार दाट आणि जवळ विरळ आहेत, म्हणजे विश्व सदासर्वकाळ सारखे नव्हते. फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांच्या १९४८ च्या स्थिर-स्थिती सिद्धांताला या निरीक्षणांचा आणि मग १९६५ च्या प्रारणाचा फटका बसला. 'महास्फोट' हे नाव ज्यावरून आले तो इंग्रजी शब्दही हॉईल यांनीच १९४९ मध्ये रेडिओवर वापरला. पुढे हॉईल, जेफ्री बर्बिज आणि जयंत नारळीकर यांनी १९९३ मध्ये सुधारित पर्याय मांडला. तो बहुसंख्यांनी स्वीकारला नाही. पण या पर्यायांमुळेच प्रत्येक पुरावा कसून तपासला गेला, म्हणून धड्यात त्यांना सन्मानाने जागा द्यावी. 'चुकीचे सिद्धांत' अशा मथळ्याखाली गुंडाळू नये.

जे अजून जुळलेले नाही तेही छापा. सर्वांत जुन्या ताऱ्यांत लिथियम अपेक्षेच्या सुमारे एक-तृतीयांशच सापडतो. ताऱ्यांनीच तो जाळला, की आपल्या गणितात काही राहिले, हे सुटलेले नाही. प्रसरणाचा दर प्लँकच्या नकाशावरून ६७.४ येतो आणि सेफिड व सुपरनोव्हांच्या शिडीवरून ७३ च्या आसपास. दोन्हींच्या सांगितलेल्या त्रुटींपेक्षा हा फरक मोठा आहे. कृष्णद्रव्याचा, म्हणजे प्रकाश न देणाऱ्या आणि फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या द्रव्याचा, कण अजून कोणी पकडलेला नाही. पहिल्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात विश्व झपाट्याने फुगले, ही कल्पना बऱ्याच गोष्टी जुळवते, पण तिचा निर्णायक ठसा मिळालेला नाही. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ या दुर्बिणीच्या गटाने तो मिळाल्याचे जाहीर केले होते. त्यांचा निष्कर्ष मुख्यतः १५० गिगाहर्ट्झ या एकाच कंप्रतेवर उभा होता, आणि एका कंप्रतेवर धूळ आणि प्रारण वेगळे ओळखता येत नाहीत. प्लँकच्या ३५३ गिगाहर्ट्झच्या नोंदी जोडल्यावर २०१५ मध्ये त्याच गटाने संयुक्त विश्लेषणात मान्य केले की धूळ वजा केल्यावर दाव्याजोगे काही उरत नाही. वर नकाशाच्या तीन वजाबाक्या सांगितल्या, त्यांतली तिसरी अपुरी राहिली की काय होते, याचे हे उदाहरण.

यावरून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. सुरुवातीचे वाक्य बदलून असे करावे : 'सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी विश्व अतिशय तप्त आणि दाट होते; तेव्हापासून ते प्रसरण पावत आहे. त्याआधी काय होते हे अजून माहीत नाही.' प्रत्येक आकड्याशेजारी त्याची त्रुटी आणि तो कशावरून आला हे एका ओळीत यावे. क्वेसारच्या रेषांचे गणित, ६.७ केल्विनची वजाबाकी, १६ कणांचे हेलियम आणि रबराची पट्टी, हे चार उपक्रम धड्यात यावेत. चारही मिळून दोन तासिकांत होतात आणि रबर व मोजपट्टीपलीकडे काही लागत नाही. रंगीत नकाशा ठेवायचाच असेल तर त्याखाली मोजपट्टी आणि वजाबाक्या द्याव्यात.

आणि परीक्षेत 'सिद्धांत थोडक्यात लिहा' याऐवजी निदान एक प्रश्न असा विचारावा : 'दूरच्या वायुमेघाचे तापमान ९ ऐवजी २.७ केल्विन आले असते, तर सिद्धांतातले कोणते विधान मागे घ्यावे लागले असते?' चारही उपक्रमांचे कोरे तक्ते, उत्तरांसह, आणि अशा प्रश्नांचा पहिला संच तयार करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
खगोलभौतिकी शिकवणारे आणि अभ्यासणारे आम्ही काही जण